साठी आली म्हणून बुद्धी नाठी होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७१ वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गेल्या वर्षभरात ओळखीच्या माणसांची नावे त्यांना ऐन वेळी आठवत नाहीत, स्वयंपाकघरात गेल्यावर कशासाठी आलो हे विसरतात, चष्मा आणि किल्ल्या शोधण्यात रोज वेळ जातो. त्याच वेळी १९८० च्या सुमाराच्या विद्यार्थ्यांची नावे मात्र हजेरीपटाच्या क्रमाने सांगतात. हे वयामुळे आहे की स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, एमआरआय करून घ्यावा का, स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू कराव्यात का, आणि हे सगळे आईंना न कळू देता करता येईल का, असे चार प्रश्न त्यांच्या मुलीने विचारले आहेत.

केवळ वर्णनावरून निदान करणे योग्य होणार नाही. तरीही तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकीनेही मला धसका बसलेला नाही, हे आधी सांगून टाकतो. गेली सत्तावीस वर्षे मी मेंदूविकारांचे रुग्ण तपासत आहे. "डॉक्टर, हल्ली काही लक्षातच राहत नाही," अशी तक्रार घेऊन स्वतःहून येणाऱ्या माणसापेक्षा, ज्याला मुलगा हाताला धरून आणतो आणि जो खुर्चीत ऐसपैस बसून "मला काही झालेले नाही, हीच मंडळी उगाच घाबरतात" असे हसत म्हणतो, त्याची मला अधिक काळजी वाटते. आपण विसरतो हे ध्यानात राहायलाही स्मरणशक्ती लागतेच.

स्मरणशक्ती हा शब्द आपण एकवचनात वापरतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी ती वयाबरोबर सगळीकडून सारखीच खाली जात असावी असे वाटते. प्रत्यक्षात मेंदूत आठवणींची निरनिराळी खाती आहेत आणि वयाचा परिणाम प्रत्येक खात्यावर वेगळा होतो. हे आपल्याला समजले त्यात एका दुर्दैवी रुग्णाचा वाटा मोठा आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्माराचे झटके आटोक्यात आणण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या खोलवरच्या भागाचा बराचसा अंश काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणीच्या आठवणीही राहिल्या. परंतु त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत नव्याने घडलेली जवळजवळ कोणतीच गोष्ट त्याला मनात टिकवून ठेवता आली नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात अधिक सफाईने चालू लागला, आणि तरीही दर वेळी आपण हे काम प्रथमच करतो आहोत असेच त्याला वाटत होते. हाताला वळण लागते ते खाते वेगळे, नव्या घटनेची नोंद करणारे वेगळे, आणि वर्षानुवर्षे घोळवून मुरलेल्या आठवणींचे तिसरेच, हे त्यातून स्पष्ट झाले.

म्हणूनच जुना हजेरीपट आईंना पाठ आहे यावरून ना घाबरायचे कारण निघते, ना निश्चिंत होण्याचे. माझ्याकडे एकदा ७८ वर्षांच्या एका आजी आल्या होत्या. त्यांनी विष्णुसहस्रनाम कुठेही न अडखळता म्हणायला सुरुवात केली आणि मुलगा माझ्याकडे अभिमानाने पाहू लागला. पन्नासेक नामे झाल्यावर मी त्यांना थांबवून आज सकाळी न्याहारीला काय होते असे विचारले. "आमच्याकडे पोहेच असतात," असे त्या ठामपणे म्हणाल्या, आणि मागे उभ्या असलेल्या सूनबाईंनी हळूच मान हलवली, कारण त्या दिवशी उपमा होता. उत्तर चुकले हे फारसे महत्त्वाचे नव्हते. सकाळची आठवण जिथे असायला हवी होती तिथे वर्षानुवर्षांच्या सवयीने येऊन जागा घेतली होती, हे महत्त्वाचे होते. त्यांना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाला सर्वाधिक वेळा कारणीभूत ठरणारा आजार, होता. साठ वर्षे रोज म्हटलेले स्तोत्र या आजारात फार उशिरापर्यंत टिकते, आणि त्यामुळेच घरच्यांच्या दृष्टीने आजार दोन-दोन वर्षे झाकलेला राहतो.

आता निरोगी वार्धक्याकडे येऊ. पेशी भराभर मरत जातात आणि मेंदू रिकामा होत जातो, हे लोकांच्या मनातले चित्र चुकीचे आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत २० ते ९० या वयांदरम्यान मेंदूच्या बाह्य थरातील पेशींच्या संख्येत सुमारे १० टक्क्यांचाच फरक आढळला. पेशी बऱ्याचशा राहतात. कमी होतात ते त्यांना जोडणारे धागे, विशेषतः कपाळामागच्या भागात, आणि विजेच्या तारेवर रबर असावे तसे पेशींच्या लांब तंतूंवर जे मायलिनचे आवरण असते ते झिजू लागते. हिप्पोकॅम्पसचा आकार उतारवयात दर वर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटतो. या सगळ्याचा पहिला परिणाम मेंदूच्या कामाच्या वेगावर होतो. तो तिशीपासूनच हळूहळू उतरत असतो, साठीनंतर तो स्वतःला आणि इतरांना जाणवू लागतो इतकेच. एका वेळी दोन गोष्टी सांभाळणे, गोंगाटात एकाच माणसाचे बोलणे पकडणे, नवा मोबाइल शिकणे या कामांना अधिक वेळ लागतो. याउलट शब्दसंपत्ती, व्यवहारज्ञान, माणसांची पारख आणि आपल्या व्यवसायातले बारकावे सहज टिकतात. अमेरिकेतील सिॲटल येथे १९५६ पासून त्याच त्या माणसांची दर सात वर्षांनी चाचणी घेत जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात शब्दांवरील प्रभुत्व पन्नाशी-साठीपर्यंत वाढते किंवा टिकते असेच दिसले. शब्दकोडे सोडवताना आजोबा नातवाला हरवतात आणि एटीएमसमोर मात्र गोंधळतात, यात विसंगती काहीच नाही.

नावांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला स्वतःलाही आता छळू लागला आहे. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात एक मजेदार प्रयोग झाला. त्याचे मराठीकरण करायचे तर असे: एखाद्या अनोळखी चेहऱ्याखाली "हे सुतारकाम करतात" असे सांगितले तर ते पुढे चटकन आठवते, पण त्याच चेहऱ्याखाली "यांचे आडनाव सुतार" असे सांगितले तर आठवत नाही. शब्द तोच. परंतु सुतारकाम म्हटले की रंधा, भुसा, लाकडाचा वास, घरी येऊन गेलेला सुतार असे दहा धागे मनात हलतात, आणि आडनावाला असा एकही धागा नसतो. ते एका खिळ्यावर टांगलेले असते. धागे विरळ होऊ लागले की सर्वांत आधी निसटते ते नावच. तासाभराने, भाजी चिरताना, ते आपोआप आठवते. चष्मा आणि किल्ल्यांचे प्रकरण तर बहुतेक वेळा स्मरणाचे नसतेच: ठेवताना लक्ष दुसरीकडे होते, त्यामुळे नोंद झालीच नाही. स्वयंपाकघरात जाऊन उभे राहण्याचेही तेच, आणि ते चाळिशीतल्या माणसांनाही होते.

मग आजार कसा ओळखायचा? माणूस किती विसरतो यापेक्षा कसा विसरतो हे पाहावे लागते. दवाखान्यात मी रुग्णाला तीन शब्द सांगतो, समजा आंबा, छत्री आणि सायकल, आणि ते त्याच्याकडून म्हणवून घेतो. मग चैत्र ते फाल्गुन हे महिने उलटे म्हणायला सांगतो, कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतो. ज्यांनी कधी पेन्सिल धरलेली नाही त्यांना घड्याळ काढायला लावणे हा अन्याय आहे. शेतकऱ्याला मी मृगापासून पावसाची नक्षत्रे क्रमाने विचारतो किंवा पेरणीआधीची कामे कोणत्या क्रमाने करतात ते विचारतो. पाच मिनिटांनी पुन्हा त्या तीन शब्दांकडे वळतो. वयामुळे विसरणाऱ्या माणसाला एखादा शब्द सुचत नाही, पण "त्यात एक फळ होते" असे म्हटले की चेहरा उजळतो आणि "हां, आंबा" असे उत्तर येते. नोंद आत होती, दार उघडायला किल्ली हवी होती. अल्झायमरच्या रुग्णाला फळ म्हटले तरी काही होत नाही, तो "केळे?" असे विचारून माझ्याकडे पाहतो, आणि पुष्कळदा आपल्याला तीन शब्द सांगितले होते हेच त्याला ठाऊक नसते. आजाराची झीज हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागात सुरू होते, त्यामुळे नोंदच होत नाही, आणि जे लिहिलेच गेले नाही ते सुचवून वर येत नाही. सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाला ही कसोटी लागू पडत नाही. रक्तवाहिन्यांच्या विकारात स्मरण बरे असूनही नियोजन कोसळते, आणि काही प्रकारांत आधी स्वभाव किंवा भाषा बदलते. परंतु घरच्यांनी लक्ष ठेवायचे झाले तर याहून सोपी खूण मला माहीत नाही.

पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही काय पाहावे तेही सांगतो. आई तोच प्रश्न दहा मिनिटांच्या अंतराने पुन्हा विचारतात का, आणि आधी विचारल्याचे सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटते का. कालच्या लग्नात कोण भेटले हे आठवत नसेल तर हरकत नाही. काल लग्नाला गेलो होतो हेच आठवत नसेल तर हरकत आहे. बाजारातून घरी येण्याचा नेहमीचा रस्ता चुकतात का. ज्या कामात त्यांचा हातखंडा आहे त्यात घडी विस्कटली आहे का, हे सर्वांत बोलके असते. एका घरातून तक्रार आली होती ती पुरणपोळीची. चाळीस वर्षे होळीला पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकहाती करणाऱ्या बाईंनी डाळ शिजवून, गूळ घालून, पुरण तयार झाल्यावर कणीकच भिजवली नव्हती हे जेवणाच्या वेळी उघड झाले, आणि पुढच्या सणाला "मला कंटाळा येतो" म्हणून त्यांनी सगळे सुनेवर सोपवले. कंटाळा हे पुष्कळदा क्रम न लागण्याचे घरगुती नाव असते. बँकेची स्लिप, वीजबिल, नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, भिशीचा हिशेब यांतही हीच खूण दिसते.

तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र मी आधी दुसरीकडेच पाहीन. विस्मरण घेऊन येणाऱ्या वृद्धांमध्ये ज्यावर सहज उपाय आहे अशी कारणे इतक्या वेळा सापडतात, की ती तपासल्याशिवाय वयाला किंवा अल्झायमरला दोष देणे ही चूकच आहे. घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या एका पिशवीत घालून घेऊन या. एका रुग्णाच्या पिशवीतून मी झोपेसाठी वर्षानुवर्षे चाललेली अल्प्राझोलाम, पाय दुखतात म्हणून कोणीतरी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन आणि सर्दीसाठी दुकानातून आणलेली क्लोरफेनिरामिनची पट्टी अशा तीन गोष्टी बाहेर काढल्या होत्या. शेवटची दोन औषधे मेंदूतील ॲसिटिलकोलीन या स्मरणासाठी आवश्यक असलेल्या द्रव्याचे काम अडवतात आणि पहिले मेंदूला गुंगीत ठेवते. ती क्रमाक्रमाने कमी केल्यावर दोन महिन्यांत गृहस्थ पुन्हा सोसायटीचे हिशेब पाहू लागले. झोपेची गोळी एकदम बंद करू नये, त्याने झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी.

रक्तात ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी करून घ्या. ब-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते. शाकाहारी घरात, आणि त्यातही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षे पँटोप्राझोल चालू असेल तर, ते कमी होणे अगदी नेहमीचे आहे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम उतरू शकते आणि माणूस चार दिवसांत भ्रमिष्टासारखा वागू लागतो. अशी अचानक सुरू झालेली असंबद्धता म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. तिच्यामागे लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्गही असू शकतो, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. नैराश्याचे रुग्णही विस्मरणाची तक्रार घेऊन येतात. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात तर विशेषच. कानांकडेही पाहा. अर्धवट ऐकलेले वाक्य लक्षात राहणार कसे, आणि उरलेले अर्धे वाक्य अंदाजाने भरण्यात मेंदूची जी शक्ती खर्च होते ती कुठून तरी वजा होतेच. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या सुमारे हजार जणांना तीन वर्षे पाहिले गेले. श्रवणयंत्रांमुळे सर्वांच्या सरासरीत फरक पडला नाही, परंतु ज्यांना धोका अधिक होता त्यांच्यात बौद्धिक घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. आपल्याकडे चष्म्याची लाज वाटत नाही आणि कानातल्या यंत्राची वाटते, हे मला आजवर उमगलेले नाही.

एमआरआयचा प्रश्न इथेच सुटतो. आजाराचे निदान स्मरणाच्या चाचण्या आणि बोलणे यांतून होते, चित्रातून नव्हे. सत्तरीच्या मेंदूत थोडा आकुंचनाचा अहवाल येतोच, आणि "वयानुरूप झीज" हे शब्द वाचून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. तरीही स्मरणाच्या चाचण्यांत चुका आढळल्या, चालण्यात बदल झाला, लघवीवरचा ताबा सुटू लागला किंवा पडण्याचा इतिहास असला तर मेंदूचे चित्र घ्यायलाच हवे. ८० वर्षांचे एक आजोबा "एकदम म्हातारे झाले" म्हणून आणले गेले होते. बोलणे मंद, दिवसभर झोप. खोदून विचारल्यावर सहा आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरल्याचे निघाले. कवटीच्या आत, मेंदूवर रक्त साचून त्याचा दाब पडत होता. कवटीला छोटे छिद्र पाडून ते काढले आणि आठव्या दिवशी आजोबा वर्तमानपत्र उशिरा आले म्हणून भांडत होते.

धोका मुळात किती, हेही लक्षात असू द्या. भारतातील राष्ट्रीय पातळीवरील पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा आहे, की साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण स्त्रियांत आणि ग्रामीण भागात अधिक आहे. साठीपुढची उरलेली ९२ टक्क्यांहून अधिक माणसे कुरकुरत का होईना, पण आपला कारभार सांभाळत आहेत. एकाच प्रमाणात झीज झालेली दोन माणसे सारखी का वागत नाहीत, याचे एक उत्तर अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींच्या अभ्यासातून मिळाले. त्यांतील एक भगिनी १०१ व्या वर्षापर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होत्या आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. शिक्षण, वाचन, माणसांत मिसळणे यांतून मेंदू पर्यायी वाटा तयार ठेवतो. मुख्य रस्ता खचला तरी गाडी आडवाटेने पोहोचते. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांची पाहणी करून २०१३ मध्ये दाखवले, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षर व्यक्तींतही हा फरक आढळला. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजाऱ्यांशी कन्नड बोलणाऱ्या सोलापूरच्या बाईला हे भांडवल फुकटात मिळालेले असते.

गोळ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. गिंको या वनस्पतीचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर खपतो. अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांना तो अनेक वर्षे देऊन पाहिला, आणि २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार स्मृतिभ्रंश टळला नाही. ब्राह्मीवर लहान अभ्यास झाले आहेत, परंतु आजार टाळण्याइतका पुरावा नाही. डोनेपेझिल हे अल्झायमरचे औषध आहे, ते तिथे थोडा काळ थोडी मदत करते, आणि निरोगी विस्मरणात त्याचा उपयोग नाही. या पैशांत आईंना चांगले बूट घेऊन द्या. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०११ मध्ये १२० वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नंतरच्या सर्व अभ्यासांत तेवढा फरक दिसलेला नाही, पण चालण्याने रक्तदाब, साखर आणि झोप सुधारते यात वाद नाही, आणि रक्तदाब आवाक्यात राहिला की स्मरणही अधिक काळ टिकते. २०२४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाच्या आयोगाने असे १४ घटक मांडले, ज्यांवर आयुष्यभर लक्ष दिल्यास स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील. त्यांत ऐकू न येणे, दिसणे कमी होणे, एकटेपणा, मधुमेह, धूम्रपान आणि डोक्याला मार हे सगळे येते. शब्दकोड्यांचा उपयोग शब्दकोड्यांत तरबेज होण्यापुरता असतो. त्यापेक्षा नवे काही, माणसांबरोबर, थोडे कठीण जाईल असे करावे. शिक्षिका होत्या, तर शेजारच्या मुलांना शिकवण्याइतके उत्तम काही नाही.

राहिला आईंना न सांगता तपासणी करण्याचा प्रश्न. नात्यातल्या कुणाच्या तरी निमित्ताने दवाखान्यात आणायचे आणि मला खुणेने सांगायचे, हा प्रकार मी दर आठवड्याला पाहतो आणि तो क्वचितच साधतो. रुग्णाला फसवणूक कळते, तो चाचणीत सहकार्य करत नाही, आणि पुढच्या वेळी येतच नाही. आईंना स्वतःचे विसरणे जाणवते आहे आणि बहुधा त्या ते तुमच्यापासून लपवत आहेत. तुम्ही विषय काढल्याने त्यांना धक्का बसण्याऐवजी हायसेच वाटेल. चारचौघांत नको, रात्री जेवणानंतर दोघीच असताना बोला. "आई, तू विसरतेस," अशी सुरुवात करू नका. "ब-१२ कमी असले तरी असे होते म्हणतात, मीही तपासून घेते आहे, दोघी बरोबर जाऊ," असे म्हणा आणि खरोखरच स्वतःचीही तपासणी करून घ्या. येताना त्यांचा चष्मा आणि गोळ्यांची पिशवी बरोबर असू द्या, आणि मी त्यांना प्रश्न विचारत असताना मधे उत्तर देऊ नका. तुमचे म्हणणे मी नंतर वेगळे ऐकून घेईन, आणि तेही त्यांना आधी विचारूनच.